सादो परगणा कुणी बरखास्त केला?

1 मार्च 2004 रोजी जपानच्या नकाशावरून सादो परगणा नाहीसा झाला. तो बरखास्त करावा असा ठराव कुठल्या सभागृहात आला नव्हता, त्यासाठी कुणी आंदोलनही केलं नव्हतं. त्या दिवशी सादो बेटावरचं एक शहर, सात नगरं आणि दोन गावं अशा दहा स्थानिक संस्था एकत्र करून एकच ‘सादो शहर’ तयार झालं. जपानी व्यवस्थेत परगण्यात, म्हणजे तिथल्या ‘गुन’मध्ये, फक्त नगरं आणि गावं मोजली जातात, शहर परगण्याच्या बाहेर असतं. नगर उरलं नाही, गाव उरलं नाही, म्हणून परगणाही उरला नाही. शेवटची रक्कम वळती झाल्यावर वहीतलं खातं बंद व्हावं, तसा तो बंद झाला.

1999 ते 2010 या काळात जपानमध्ये अशी खाती शेकड्याने बंद झाली. 1999 साली देशात 3,232 शहरं, नगरं आणि गावं होती, ती मार्च 2010 पर्यंत 1,727 वर आली. ‘हेइसेइचं महाविलीनीकरण’ या नावाने ही मोहीम ओळखली जाते (हेइसेइ हे त्या काळच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव). लोकसंख्या घटते आहे, म्हातारी माणसं वाढताहेत, छोट्या गावांना कारभार परवडत नाही, तेव्हा मोठं एकक करा, खर्च वाचेल, जाणकार कर्मचारी मिळतील, असा तिचा युक्तिवाद. ऐकायला बिनतोड वाटतो. मला तो चुकीचा वाटतो, आणि तो तपासण्यासाठी सादोइतकी चांगली जागा नाही, कारण विलीनीकरणाच्या बाजूची सगळ्यांत भक्कम बाजू सादोचीच आहे. 855 चौरस किलोमीटरचं बेट, चारी बाजूंनी समुद्र. कुठलं गाव कुठल्या शहराला जोडायचं हा वाद इथे उद्भवतच नाही. शेजारच्या डोंगरापलीकडची परकी माणसं एका छताखाली आणली अशी तक्रारही कुणाला करता येत नाही, कारण सादोची माणसं शेकडो वर्षांपासून स्वतःला सादोचीच म्हणवतात. इथेही हिशेब जुळत नसेल, तर इतरत्र तो जुळवून दाखवण्याची जबाबदारी विलीनीकरण करणाऱ्यांवर येते.

सादोच्या सीमा वरून पुसण्याचा आणि पुन्हा आखण्याचा खेळ फार जुना आहे. आठव्या शतकात सादो हा स्वतंत्र प्रांत होता आणि त्यात सावाता नावाचा एकच परगणा होता. 721 साली त्याचे तीन तुकडे झाले: सावाता, कामो आणि हामोची. पुढे 743 साली राजधानीने ठरवलं की एवढ्याशा बेटाला वेगळा प्रांत कशाला, आणि सादो समुद्रापलीकडच्या एचिगो प्रांतात घातला गेला. नऊ वर्षांनी, 752 साली, तो पुन्हा वेगळा करावा लागला. म्हणजे सादोचं पहिलं विलीनीकरण नऊ वर्षं टिकलं. आजच्या टोकियोतल्या अधिकाऱ्यांना हा दाखला कुणी दिला असेल असं वाटत नाही.

मधल्या शतकांत सादो ही हद्दपारीची जागा होती. 1221 साली कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्धचं बंड फसलं तेव्हा माजी सम्राट जुन्तोकूला इथे पाठवलं गेलं आणि तो इथेच वारला. 1271 साली निचिरेन हा बौद्ध आचार्य आला, 1434 साली ‘नो’ या जुन्या जपानी नाट्यप्रकाराचा थोर कलावंत झेआमी आला. आजही बेटावर तीसहून अधिक नो रंगमंच उभे आहेत, त्यांतले बहुतेक गावातल्या देवळांच्या आवारात. हे मुद्दाम सांगतो आहे. रंगमंच गावोगावी आहेत, एखाद्या राजधानीत एक भव्य रंगमंच असं झालेलं नाही. कुठल्याही कार्यालयाच्या हुकमाशिवाय, गावांनी आपापल्या ऐपतीने ते उभारले आणि राखले.

1601 साली आइकावाजवळ सोन्याची मोठी शीर सापडली आणि बेटाचं नशीब पालटलं. तेव्हा देशाची सत्ता हाती असलेल्या तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी, म्हणजे लष्करी शासकांनी, सादो कुणा सरदाराला दिला नाही, थेट आपल्या ताब्यात ठेवला. आइकावाला शोगुनांचा दंडाधिकारी बसला. खाण 1989 साली थांबली तोवर तिच्यातून 78 टन सोनं आणि 2,330 टन चांदी निघाली असं मानतात. त्या सोन्याच्या काठाने जगणाऱ्या शेतकऱ्यांच्या वाट्याला मात्र कर आणि जाच आला. 1838 साली बेटावरच्या बहुतेक गावांनी मिळून शोगुनांच्या निरीक्षकांपुढे गाऱ्हाणं मांडलं. हामोचीकडचा झेम्बेइ हा त्यातला पुढारी, त्याला पकडल्यावर उठाव भडकला, आणि शेवटी त्याचा शेवट तुरुंगातच झाला. माझ्या मुद्द्यासाठी या उठावात एक गोष्ट महत्त्वाची आहे. बेटभरची गावं एका अर्जावर एकत्र आली, पण त्यासाठी त्यांना एक गाव व्हावं लागलं नाही. एकत्र काम करणं आणि एकजीव होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सादोच्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं. पुढच्या पावणेदोनशे वर्षांतल्या धोरणकर्त्यांनी नेमका इथेच घोळ घातला.

शोगुन जाऊन मेइजी सम्राटाची राजवट आली तेव्हा सगळंच पुन्हा मांडलं गेलं. 1871 साली सादोचं स्वतंत्र ‘आइकावा प्रीफेक्चर’ (प्रीफेक्चर म्हणजे परगण्याच्या वरचा प्रांतासारखा विभाग) झालं, 1876 साली ते निईगाता प्रीफेक्चरमध्ये मिसळलं. 1878 च्या कायद्याने परगणा हा पुन्हा कारभाराचा घटक ठरला. त्यावर सरकारने नेमलेला अधिकारी बसू लागला. 1890 साली परगण्याला सभा मिळाली. हे श्रेय यामागाता आरितोमो या लष्करी पुढाऱ्याचं. त्याला जर्मन धर्तीची, वरून खालपर्यंत घट्ट बांधलेली व्यवस्था हवी होती. त्या सभेत काही सभासद गावसभांनी पाठवायचे आणि काही जागा बड्या जमीनदारांनी आपसांत वाटून घ्यायच्या. जमीनदारांची राखीव दारं 1899 साली बंद झाली, पण मतदानाला कर भरण्याची अट राहिलीच. सादोत 1896 साली तिन्ही परगणे जोडून एक सादो परगणा झाला. त्याच वर्षी सरकारने खाण मित्सुबिशीला विकली. बेटाची जमिनीखालची आणि जमिनीवरची अशी दोन्ही व्यवस्था एकाच वर्षी नव्या हातांत गेली.

आता परगण्याबद्दल खोटा उमाळा नको. त्याला स्वतःचा कर बसवता येत नव्हता, गावांकडून वर्गणी काढून तो चालायचा. त्याच्या माथ्यावर नेमलेला अधिकारी होता आणि तो अधिकारी बहुधा यामागाताच्या गोटातला असायचा. म्हणूनच हारा ताकाशीने, म्हणजे पक्षीय राजकारणाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या गृहमंत्र्याने, परगणा मोडण्याचं विधेयक आणलं. पहिल्या खेपेला ते वरिष्ठ सभागृहात आपटलं. अखेर हारा पंतप्रधान असताना, 1921 साली, ते मंजूर झालं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात टोकियो स्थानकावर त्याचा खून झाला. 1923 साली परगण्यांच्या सभा गेल्या आणि 1926 च्या जुलैपासून परगण्यांची कचेरीही बंद झाली.

इथे एक तारीख दुसरीशेजारी ठेवून पाहा. 1925 साली जपानमध्ये सर्व प्रौढ पुरुषांना संसदेसाठी मताधिकार मिळाला आणि 1926 साली तो स्थानिक निवडणुकांनाही लागू झाला. म्हणजे सामान्य शेतकऱ्याला, कुळाला, खाणमजुराला मत मिळालं तेव्हा परगण्याच्या सभेत बसण्याची संधी तीन वर्षांपूर्वीच संपलेली होती. यामागाताच्या परगण्याचा तिटकारा हाराला असणं समजतं. पण त्याला दोन वाटा होत्या. परगणा लोकांच्या हाती द्यायचा, किंवा तो मोडायचा. त्याने मोडला. नंतर गरज संपली का? नाही. युद्धकाळात, 1942 साली, सरकारला तशाच कचेऱ्या जवळपास त्याच हद्दींवर पुन्हा उघडाव्या लागल्या, फक्त आता त्यांच्याबरोबर सभा नव्हती. त्याही युद्धानंतर यथावकाश गुंडाळल्या गेल्या. तेव्हापासून परगणा उरला तो पत्रावरच्या पत्त्यात आणि प्रीफेक्चर सभेच्या मतदारसंघांच्या नावांत.

मधला थर असा पोकळ झाल्यावर गावांपुढे दोनच गोष्टी शिल्लक राहिल्या: एकट्याने जगा, नाहीतर विरघळा. पुढची प्रत्येक विलीनीकरणाची लाट या कोंडीतून आली.

या लाटा तीन. पहिली 1889 ची. तेव्हा देशात 71 हजारांहून अधिक वस्ती-गावं होती, ती एका वर्षात 15,859 वर आणली गेली. दुसरी 1953 पासूनची, जिने 9,868 चे 3,472 केले. या दोन्ही लाटांत कितीतरी गावांची नावं गेली, भांडणं झाली, पण त्यांच्यामागे एक ठोस माप होतं. पहिल्या वेळी तीनशे ते पाचशे घरं, कारण तेवढ्या घरांना एक प्राथमिक शाळा चालवता येते. दुसऱ्या वेळी आठ हजार लोकसंख्या, कारण युद्धोत्तर व्यवस्थेत सक्तीची झालेली माध्यमिक शाळा चालवायला साधारण तेवढी वस्ती लागते. आपली मुलं त्या शाळेत जाणार आहेत हे बापाला दिसत होतं. निईगाता प्रीफेक्चरने तर 1901 सालीच आणखी एक फेरी उरकली होती. बेटाचं मुख्य बंदर असलेलं र्योत्सू हे नगर एबिसू आणि मिनातो जोडून त्याच वेळी झालं. 1954 साली ते शहर झालं आणि नियमाप्रमाणे परगण्यातून बाहेर पडलं. बेटाचं सगळ्यांत गजबजलेलं बंदर सादो परगण्यात नाही, अशी गंमत पुढची पन्नास वर्षं चालली आणि कुणाचं काही अडलं नाही. यावरूनच परगणा तोवर किती नावापुरता उरला होता ते कळावं.

तिसऱ्या, हेइसेइच्या लाटेमागे कुठलं माप होतं? शाळा नव्हती, दवाखाना नव्हता. होता तो पैसा. जपानमध्ये केंद्र सरकार काही करांचा हिस्सा गोळा करून गरजेप्रमाणे स्थानिक संस्थांना वाटतं, आणि सादोसारख्या ठिकाणी कारभार बऱ्याच अंशी याच वाटपावर चालतो. विलीन होणाऱ्यांना सरकारने आमिष दाखवलं: दहा वर्षं तुमचा हिस्सा तुम्ही वेगळेच आहात असं धरून मोजू, पुढची पाच वर्षं टप्प्याटप्प्याने कमी करू. शिवाय विशेष रोखे काढा. कामाच्या खर्चाच्या 95 टक्क्यांपर्यंत रक्कम त्यातून उभी करा आणि परतफेडीचा 70 टक्के भार आम्ही वाटपातून उचलू. दुसऱ्या हातात छडी होती. 2002 साली एका सरकारी मंडळातल्या अभ्यासकाच्या मसुद्यात असं सुचवलं गेलं की लहान राहू पाहणाऱ्या गावांचे अधिकारच कमी करावेत. त्यापाठोपाठ कोइझुमी सरकारने 2004 साली वाटपाची रक्कमच कापली, आणि गावांची अंदाजपत्रकं कोलमडली. या सवलती देणाऱ्या विशेष कायद्याची मुदत मार्च 2005 ला संपत होती. सादोच्या दहा संस्था मार्च 2004 मध्येच विलीन झाल्या. याला स्वेच्छेने घेतलेला निर्णय म्हणायचं असेल तर म्हणा.

आता सादोला काय मिळालं ते प्रामाणिकपणे मांडायला हवं, कारण मिळालं ते थोडं नाही.

जपानची राष्ट्रीय ओळख बनलेला तोकी पक्षी, म्हणजे शेंदरी तोंडाचा आणि गुलाबी पंखांचा अवाकासारखा पाणथळीचा पक्षी, सादोतच सगळ्यांत शेवटी तगला. 1981 साली रानातले शेवटचे पाच पक्षी पकडून पिंजऱ्यात आणले गेले; त्या जपानी वंशातली शेवटची मादी किन 2003 साली मेली. चीनमधून आलेल्या जोडीपासून नवी पैदास झाली आणि सप्टेंबर 2008 मध्ये दहा पक्षी सोडले गेले. पण पक्ष्याला खायला बेडूक, मासे, किडे हवेत, आणि ते भातखाचरांत हवेत. म्हणून नव्या शहराने 2008 मध्ये तांदळाला प्रमाणपत्र देण्याची योजना काढली. कीटकनाशकं आणि रासायनिक खतं निम्म्याने तरी कमी, खाचराच्या कडेला बारमाही पाण्याचा चर, हिवाळ्यातही पाणी किंवा माशांसाठी चढवाट यांसारखा एखादा उपाय, आणि वर्षातून दोनदा आपल्याच शेतातल्या जीवांची मोजणी. 2004 च्या वादळात पीक बुडाल्यावर सादोच्या तांदळाने बाजारातली जागा गमावली होती, ती या ‘तोकीच्या तांदळा’ने परत मिळवली. 2011 साली सादोची शेती जागतिक कृषी वारशाच्या यादीत गेली. तोकीचं काम आधी निइबो या एका गावाच्या हद्दीत अडकलेलं होतं. पक्ष्याला हद्द नसते, आणि दहा ठिकाणी दहा वेगळे नियम असते तर हा तांदूळ एका नावाने विकला गेला नसता, असं विलीनीकरणवाले म्हणतात. हा त्यांचा सगळ्यांत चांगला मुद्दा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही.

खाणीचंही तसंच. जुलै 2024 मध्ये जागतिक वारसा समितीची बैठक नवी दिल्लीत भरली होती, आणि सादोच्या सोन्याच्या खाणी यादीत गेल्या त्या याच बैठकीत. अर्ज वर्षानुवर्षं चालवायला एक सक्षम कार्यालय लागतं, हे खरं. युद्धकाळात तिथे राबवलेल्या कोरियन मजुरांचा उल्लेख टाळता येणार नाही, असा सोलचा आग्रह होता. टोकियोने तो शेवटी मान्य केला आणि त्या मजुरांबद्दलचं प्रदर्शन आइकावाच्या स्थानिक संग्रहालयात मांडलं गेलं. वाटाघाटी दोन राजधान्यांच्या, पण सांगण्याचं ओझं जुन्या आइकावा नगराच्या छोट्या संग्रहालयावर आलं, ही बाब मला बोलकी वाटते.

या दोन्ही यशांना बेटव्यापी यंत्रणा लागली. प्रश्न इतकाच की ती यंत्रणा उभी करण्यासाठी दहाही घरं पाडायला हवी होती का. तांदळाचं प्रमाणपत्र आणि वारशाचा अर्ज ही बेटाची कामं आहेत. कुठल्या गावातला ओढा कधी साफ करायचा, कुठली बस किती वाजता सोडायची, म्हाताऱ्यांच्या घरावरचं बर्फ कुणी उतरवायचं ही गावाची. विलीनीकरणाने पहिली कामं नीट व्हावीत म्हणून दुसऱ्या कामांचा निर्णयही कानाईतल्या शहर-कचेरीकडे नेला. विलीन झालेल्या दोन गावांपैकी एक असलेल्या आकादोमारीत पूर्वी सरपंच होता, सभा होती, अंदाजपत्रक होतं. आता शाखा-कार्यालय आहे. शाखेतला कारकून कितीही मनमिळाऊ असो, तो ‘वर कळवतो’ एवढंच म्हणू शकतो. शिवाय ओसाड होत चाललेल्या भागात गावची कचेरी ही सगळ्यांत मोठ्या नोकरदात्यांपैकी एक असते. तिथले तरुण कर्मचारी हलले की त्यांच्यावर चालणारी खानावळ आणि किराणा दुकानही डुगडुगू लागतं.

लोकसंख्येचं काय? 1960 साली बेटावर 1 लाख 13 हजारांहून अधिक माणसं होती, 2005 साली 67 हजारांवर, 2020 साली 51 हजारांवर. ही घसरण विलीनीकरणामुळे सुरू झाली असं मी म्हणत नाही. ती त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. पण विलीनीकरण तिच्यावरचा इलाज म्हणून विकलं गेलं होतं, आणि इलाज लागू पडल्याचं मला या आकड्यांत दिसत नाही.

खर्चही अपेक्षेप्रमाणे वाचला नाही. विस्तीर्ण मुलखात पसरलेल्या वस्त्यांना सेवा द्यायची तर शाखा-कार्यालयं ठेवावी लागतात, अग्निशमनाची ठाणी ठेवावी लागतात. दहा वर्षांची सवलत संपत आली तेव्हा विलीन झालेल्या शहरांनी एकत्र येऊन ओरड केली, आणि 2014 पासून केंद्राने वाटपाचं सूत्रच बदललं. शाखा-कार्यालयांचा खर्च त्यात धरला जाऊ लागला. हेइसेइच्या मोहिमेचं गणित कच्चं होतं याची याहून सरळ सरकारी कबुली कुठून आणायची?

सादोशी ताडून पाहायला आणखी एक बेट आहे आणि दोघांची नाळ इतिहासातच जुळलेली आहे. 1221 साली जुन्तोकू सादोला गेला तेव्हा त्याच बंडासाठी त्याचा बाप, माजी सम्राट गो-तोबा, ओकी बेटांवर पाठवला गेला. तो राहिला आणि वारला तो तिथल्या आमा या ठिकाणी. ओकीतही जुने चार परगणे होते. ते 1969 साली जोडून ओकी परगणा झाला, आणि तो आजही आहे. ओकीतल्या सगळ्यांत मोठ्या बेटावर 2004 साली विलीनीकरण झालं. पण दोझेन गटातल्या तीन छोट्या बेटांनी चर्चा केली आणि नको म्हटलं. त्यांपैकी आमा नगराची गोष्ट जपानभर सांगितली जाते. नगराध्यक्ष यामाउची मिचिओ यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला, कर्मचाऱ्यांनीही कपात पत्करली, आणि वाचलेल्या पैशातून समुद्रातले शिंपले व मासे ताजेपण राखून गोठवण्याची यंत्रणा घेतली. तिन्ही बेटांचं मिळून असलेलं एकमेव उच्च माध्यमिक विद्यालय बंद पडायला आलं होतं. तिन्ही बेटांनी मिळून ते वाचवलं आणि देशभरातून मुलं तिथे शिकायला बोलावली. आमाची लोकसंख्या 2010 साली 2,374 होती, 2015 साली 2,353. एवढ्या छोट्या बेटावर पाच वर्षांत फक्त एकवीस माणसं कमी होणं हे जपानच्या खेड्यांत दुर्मीळ आहे.

आमा हे अपवादात्मक उदाहरण आहे, एका खमक्या नगराध्यक्षावर उभं आहे, अडीच हजारांच्या बेटाची तुलना सत्तर हजारांच्या सादोशी करू नका, हे आक्षेप मला मान्य आहेत. आमाने केंद्राचा पैसा घेतला नाही असंही नाही. पण आमाकडे स्वतःच्या पगारातून कपात करून तो पैसा कशावर लावायचा हे ठरवण्याचा हक्क होता. सादोतल्या ओगीला किंवा हातानोला 2004 नंतर तो नव्हता. तिथे आमासारखा कुणी नगराध्यक्ष निपजला असता की नाही हे आता कधीच कळणार नाही, कारण ते पदच गेलं.

आणि ओकीत एकट्याने न झेपणारी कामं कशी होतात? तिथे प्रीफेक्चर आणि स्थानिक संस्थांनी मिळून स्थापलेला संयुक्त संघ आहे. ओकीचं रुग्णालय तो चालवतो, मुख्य भूमीकडे जाणाऱ्या वेगवान बोटीतही त्याचा वाटा आहे. बेटाचं काम बेटाच्या पातळीवर, गावाचं गावाच्या. 1947 च्या स्थानिक स्वायत्तता कायद्यातच अशा संयुक्त संस्थांना जागा होती. कचरा, अग्निशमन, स्मशानं यांसाठी जपानभर त्या वापरल्या जातात. त्यांची खरी उणीव अशी की त्यांचे सभासद सहसा लोक थेट निवडत नाहीत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी परगण्याला जो आजार होता तोच, आणि औषधही तेच: थेट मतदान.

फुकुशिमातल्या यामात्सुरी या नगराने 2001 साली ‘आम्ही विलीन होणार नाही’ असा ठराव करून देशाला चकित केलं होतं. त्या वेळी बऱ्याच जणांनी त्याला हट्टीपणा म्हटलं. 2010 नंतर केंद्रानेच विलीनीकरणाला उत्तेजन देण्याची भाषा कायद्यातून काढून टाकली आणि शेजारच्या संस्थांनी करार करून मिळून कामं करावीत यासाठी योजना आणल्या. परगण्याचं काम परगण्याचं नाव न घेता परत सुरू झालं, फक्त निम्मी गावं गेल्यावर.

सादो शहर आता पुन्हा दहा तुकड्यांत फोडा असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. 752 सारखा हुकूम आज निघणार नाही आणि निघाला तरी प्रत्येक तुकड्याला माणसं पुरणार नाहीत. पण एक वाट जवळच आहे. ओगी बंदरातून निघालेली बोट समुद्रापलीकडे नाओएत्सूला लागते. ते जोएत्सू शहराचं बंदर. 2005 च्या जानेवारीत जोएत्सूनेही तेरा नगरं आणि गावं पोटात घेतली, पण त्या तेराही ठिकाणी स्थानिक स्वायत्त विभाग ठेवले आणि प्रत्येकाला समिती दिली. समितीत बसू इच्छिणाऱ्यांनी अर्ज करायचा, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लोकांनी मतदान करायचं. पुढे जुन्या शहरभागातही हीच पद्धत आणून विभाग अठ्ठावीस झाले. तिथलं सगळं आलबेल नाही. बऱ्याच विभागांत जागांइतकेही अर्ज येत नाहीत, म्हणून मतदानाची वेळच येत नाही. समित्या सल्ला देतात, हुकूम देऊ शकत नाहीत. माझ्या मते यातली दुसरी अडचणच पहिलीचं कारण आहे: जिथे ठरवता काही येत नाही तिथे अर्ज कोण करणार?

तेव्हा सादोत जोएत्सूपेक्षा एक पाऊल पुढे जावं. जुन्या दहाही हद्दींत समिती असावी, ती मतदानाने यावी, आणि तिच्या भागातल्या शाखा-कार्यालयाचा खर्च, बस आणि बर्फ यांचं अंदाजपत्रक तिच्या हाती असावं. तोकी, तांदूळ, खाण आणि बोटी शहराकडे राहू द्याव्यात. अशा विभागांसाठी लागणारी तरतूद स्थानिक स्वायत्तता कायद्यात 2004 सालीच झालेली आहे, म्हणजे सादो परगणा संपला त्याच वर्षी. बाकी राहतो तो शहराच्या सभेचा एक ठराव, आणि तो मांडायला कुणी तरी हवं.